मातीचा बैल आव्यापर्यंत: पुण्यात राहून टेराकोटा कसा घडवावा

मातीला हात लावण्याआधी एक गोष्ट ठरवून घ्या. जे घडवणार आहात ते पाण्यात सोडायचं आहे, की घरात राहणार आहे? आपल्याकडचं सगळं मातीकाम या एका प्रश्नावर दोन बाजूंना विभागलेलं आहे. भाद्रपदातला पार्थिव गणपती कच्चा असतो. बेंदूर असो की पोळा, घरी केलेले बैलही बहुतेक ठिकाणी कच्चेच, कारण पूजा झाली की त्यांनी परत मातीत जायचं असतं. याउलट संक्रांतीची सुगडं, नवरात्रातला घट, दिवाळीच्या पणत्या, लक्ष्मीपूजनाला लाह्या-बत्तासे भरायची बोळकी, उन्हाळ्यातला माठ ही सगळी भाजलेली. ज्याने काही धरून ठेवायचं आहे, पाणी, धान्य, तेल किंवा उजेड, ते आगीतून जातं. ज्याने विरघळायचं आहे ते आगीपासून लांब ठेवलं जातं.

टेराकोटा म्हणजे यातली दुसरी बाजू, आगीतून गेलेली माती. म्हणून शाडूची मूर्ती टेराकोटा नव्हे, कितीही सुबक असली तरी. आणि म्हणूनच विसर्जनासाठी भाजलेला गणपती घेऊ नये. मातीच्या कणांत रासायनिकरीत्या बांधलेलं पाणी साधारण ४५० ते ६०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान निघून जातं, आणि एकदा ते गेलं की ती माती पुन्हा चिखल होत नाही. बादलीत वर्षभर ठेवली तरी नाही.

किती काळ टिकते, हे पाहायला पुण्याहून फार लांब जावं लागत नाही. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर, झैनुद्दीन अन्सारी ही नावं त्या कामाशी जोडलेली आहेत. इसवी सनापूर्वी साधारण १६०० ते ७०० या काळात तिथे शेतकऱ्यांची वस्ती होती. त्या वस्तीत कुंभाराची गोल भट्टी सापडली. घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफनं सापडली, दोन मातीचे कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले आणि त्यात ते मूल. आणि सापडली मातीची एक झाकणाची पेटी. तिच्या आत एक स्त्रीमूर्ती, पेटीवर शीर नसलेली दुसरी स्त्रीमूर्ती आणि एक बैल. बैलाच्या पाठीला भोक आणि मूर्तीलाही भोक, म्हणजे काडी घालून देवी बैलावर उभी करता येत असे. ही मूर्ती कच्च्या मातीची आहे. पाणी भरायचं मडकं खणखणीत भाजायचं आणि देवी कच्ची ठेवायची, हा आजचा फरक त्या वस्तीतही दिसतो. मला या गोष्टीचं नवल वाटायचं थांबत नाही.

तेव्हा पहिली पायरी माती आणण्याची नाही, बघण्याची आहे.

आधी बघून या

येरवड्याला डेक्कन कॉलेजच्या आवारात पुरातत्त्व विभागाचं संग्रहालय आहे. तिथे इनामगावच्या वस्तू मांडलेल्या आहेत. जाण्याआधी वेळ विचारून घ्या. तिथे जोर्वे पद्धतीची भांडी नीट पाहा. नगर जिल्ह्यातल्या, आता अहिल्यानगर, संगमनेर तालुक्यातलं जोर्वे हे या भांड्यांना नाव देणारं गाव. तांबूस अंग, त्यावर काळ्या रंगाच्या रेघा, पोटाला ठसठशीत धार आणि बाजूला लांब तोटी. धार कुठे येते, तोटी अंगाला कशी चिकटवली आहे, काठ किती पातळ केला आहे, हे वहीत काढा. हात चांगला नसला तरी काढा. चित्र काढताना डोळा जिथे अडतो, माती घडवताना हातही नेमका तिथेच अडतो.

मग कसब्यात कुंभार वेशीजवळच्या कुंभारवाड्यात चक्कर मारा. वस्ती वाढली तशी शहरातली बरीच कुंभार कुटुंबं मुंढव्याच्या केशवनगरला गेली, तिथेही चाकं फिरताना दिसतात. कुठल्या महिन्यात जाता त्यावर काय दिसेल ते ठरतं. पावसाळ्यात गणपती, त्यामागून नवरात्राचे घट, मग पणत्या आणि किल्ल्यावरचे मावळे, जानेवारीत सुगडं, होळीच्या सुमारास माठ-रांजण. कुंभाराचं वर्ष आपल्या सणांच्या वर्षाच्या थोडं पुढे चालतं. दिवाळीच्या ऐन आठवड्यात शिकायला जाऊ नका, त्यांना श्वास घ्यायला वेळ नसतो.

चाकावरचं काम पाहताना माठावर लक्ष ठेवा. चाकावर फक्त गळा आणि जाड अंगाचा आकार निघतो. माठाचं गोल बूड चाकावर होत नाही. थोडं वाळलं की आतून दगडाचा गुळगुळीत गोळा धरायचा आणि बाहेरून लाकडी थापटण्याने थापटत थापटत अंग पातळ करत, फुगवत न्यायचं. याच थापटण्याची गोष्ट गोरोबाकाकांच्या नावाने सांगितली जाते. संतांचा मेळा जमलेला, कुणाचं मडकं पक्कं आणि कुणाचं कच्चं ते पारखायला सांगितल्यावर त्यांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं आणि नामदेवांना कच्चं ठरवलं. गोरोबा तेरचे, आताच्या धाराशिव जिल्ह्यातले. त्याच तेरला सातवाहन काळातल्या मातीच्या सुंदर मूर्ती सापडल्या आहेत, दोन साच्यांत दाबून पुढची-मागची बाजू जोडलेल्या, आतून पोकळ. गावातल्या लामतुरे संग्रहालयात त्या पाहता येतात. जमलं तर एकदा जाऊन याच.

माती

पुण्याच्या आसपास बेसॉल्टची जमीन आहे आणि त्यातून तयार झालेली काळी माती सगळीकडे सापडते. नुसती ती माती घेऊन बसलात तर निराशा होईल. ती पाणी पिऊन खूप फुगते आणि वाळताना तेवढीच आकसते, मग भेगा पडतात. तिच्यात चुनखडीचे खडेही असतात, आणि हा जास्त लबाड शत्रू आहे. भट्टीत त्या खड्याचा चुना होतो. वस्तू छान भाजून बाहेर येते, घरी येते, आणि काही दिवसांनी तो चुना हवेतला ओलावा घेऊन फुगतो. मग अंगावरून कपची उडते आणि खाली पांढरा ठिपका दिसतो. हे टाळायला मातीच्या चिमटीवर लिंबू पिळून पाहा. बुडबुडे आले तर चुना आहे. थोडा असेल तर बारीक चाळणीतून गाळून भागतं, जोरात फसफसलं तर ती माती सोडून द्या.

सुरुवात करणाऱ्याने कुंभाराकडून तयार माती विकत घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. तळ्याचा किंवा नदीचा गाळ, पोयटा आणि आपल्या अनुभवाने घातलेलं आणखी काही, असं त्यांचं मिश्रण पिढ्यांनी ठरवलेलं असतं. पहिल्यांदा पाच किलो पुरे. पैसे विचारून पूर्ण द्या, घासाघीस करू नका. नदीपात्रातून स्वतः माती उपसायला परवानगी लागते. आणि इनामगावसारख्या जुन्या वस्तीच्या पांढरीच्या टेकाडावरून माती तर नाहीच, एक खापरही उचलायचं नाही.

स्वतःच्या शेतातली माती वापरून पाहायची असेल तर तीन परीक्षा घ्या. ओल्या मातीची बोटाएवढी जाड वळी करून ती बोटाभोवती गुंडाळा. न चिरता वळली तर माती चिवट आहे. दुसरी लिंबाची, वर सांगितली ती. तिसरी आकसण्याची: मातीची चपटी पट्टी करा, तिच्यावर १० सेंटिमीटरची रेघ ओढा आणि सावलीत पूर्ण वाळू द्या. रेघ ५ ते ८ मिलिमीटरने कमी झाली तर ठीक. एक सेंटिमीटरच्या वर आकसली तर बारीक वाळू मिसळावी लागेल.

माती तयार करणं

सुकी माती फोडून बादलीत घाला, वर पाणी राहील इतकं पाणी ओता आणि दोन दिवस हात लावू नका. सुकी माती ओल्या मातीपेक्षा लवकर विरघळते, म्हणून ओलसर ढेकळं आधी उन्हात कडक करून घ्या. मग ढवळून ती रबडी पिठाच्या चाळणीतून गाळा. मुळं, खडे, काचेचे तुकडे वर राहतील. गाळलेलं पाणी एक दिवस स्थिर ठेवलं की माती खाली बसते, वरचं पाणी ओतून टाका. उरलेला चिखल जुन्या सुती चादरीवर किंवा कोऱ्या विटांवर पसरा. विटा पाणी ओढून घेतात. पोळीच्या कणकेपेक्षा जरा घट्ट झाली की गोळा करा.

आता त्यात काय मिसळायचं? नुसती चिकणमाती घडवायला गोड लागते पण आगीत दगा देते. पाण्याची वाफ बाहेर पडायला तिला वाट हवी. कुंभार घोड्याची किंवा गाढवाची लीद, राख, भुसा, वाळू यांपैकी काहीतरी घालतात. लिदीतले बारीक तंतू ओल्या मातीला धरून ठेवतात आणि भट्टीत जळून गेले की मागे सूक्ष्म पोकळ्या ठेवतात. राजस्थानात नाथद्वाऱ्याजवळ मोलेला गावात देवांच्या उठावाच्या पाट्या घडवतात, तिथेही बनास नदीकाठच्या मातीत गाढवाची लीदच जाते. तमिळनाडूत अय्यनारच्या देवळाबाहेर माणसाहून उंच मातीचे घोडे उभे करतात, त्यांच्या मातीत भाताचं तूस असतं. एवढा उंच घोडा नुसत्या मातीत उभाच राहणार नाही.

घरी करताना पाच भाग मातीला एक भाग बारीक चाळलेली वाळू किंवा खापराचा चुरा घाला. लीद मिळाली आणि चालत असेल तर वाळवून, चुरून, चाळून मूठ-दोन मुठी. मग मळा. पायाखाली तुडवणं हा जुना आणि उत्तम मार्ग आहे, पण पाच किलोला हात पुरतात. तळहाताच्या टाचेने पुढे ढकला, दुमडा, वळवा, पुन्हा ढकला, असं वीस मिनिटं. गोळा तारेने मधोमध कापून पाहा. कापलेल्या तोंडावर एकही पोकळी दिसता कामा नये. मळलेली माती ओल्या गोणपाटात आणि वर प्लास्टिकमध्ये बांधून किमान आठवडाभर मुरत ठेवा. जितकी मुरेल तितकी ती चिवट होते.

घडवणं: आधी पणती, मग सुगड, मग बैल

हा क्रम सोडू नका. पणतीत अंगठ्याला जाडी कळते. लिंबाएवढा गोळा तळहातावर घ्या, मधे अंगठा बुडवा पण तळाला बोटाच्या रुंदीपेक्षा थोडी कमी माती ठेवा, आणि गोळा फिरवत चिमटीत दाबत बाजू वर आणा. काठ चिरू लागला तर ओल्या बोटाने पुसा, पाणी ओतू नका. शेवटी एका बाजूला वातीसाठी चिमूट काढा. अशा दहा-बारा करा. सगळीकडे सारखी जाडी येऊ लागली की पुढे जा.

सुगड वळ्यांनी करायचं. तळाची चकती थापा. करंगळीएवढ्या जाड वळ्या वळून एकावर एक बसवा. प्रत्येक वळी आतून खाली पुसून खालच्या वळीत मिसळलीच पाहिजे, बाहेरून मिसळलेली दिसते तेवढ्यावर विश्वास ठेवू नका. पोट बाहेर न्यायचं तर वळी थोडी बाहेरच्या काठावर ठेवा, गळा आत घ्यायचा तर आतल्या काठावर. पाच-सहा वळ्यांनंतर थांबा, तासभर तग धरू द्या, मग वर चढा. संक्रांतीला बायका याच सुगडांत ऊस, बोरं, हरभऱ्याचे घाटे, गाजर, तीळ-गूळ भरून एकमेकींना वाण देतात. शेतातलं नवं पीक शेताच्याच मातीत भरून द्यायचं. तुमच्या सुगडाचं तोंड बोर आणि उसाचा कांडा आत जाईल एवढं ठेवा. शोभेचं अरुंद तोंड त्या दिवशी निरुपयोगी ठरतं.

आता बैल. पोळ्याचा मुठीएवढा बैल भरीव असतो, आणि कच्चा ठेवायचा असल्यामुळे तो भरीव चालतो. भाजायचा बैल पोकळच हवा. हा नियम मोडून चालत नाही: सव्वा ते दीड सेंटिमीटरपेक्षा जाड माती कुठेही नको, आणि प्रत्येक पोकळीला बाहेर जायला भोक हवं. आत कोंडलेल्या ओलाव्याची १०० अंशांपाशी वाफ होते आणि बैलाचे तुकडे होतात, सोबत शेजारच्या पणत्याही जातात.

पोकळ अंग करायचा सोपा मार्ग: सुगडासारखेच दोन खोल वाडगे करा, कडा दाताळलेल्या फणीने ओरबाडा, त्यावर मातीची घट्ट रबडी लावा आणि तोंडाला तोंड दाबून जोडा. सांध्यावरून पातळ वळी फिरवून पुसून टाका. लगेच पोटाखाली पेन्सिलीएवढं भोक पाडा. पाय म्हणजे चार नळ्या. पेन्सिलीभोवती मातीची पट्टी गुंडाळून करता येतात. अंग जरा घट्ट झाल्यावरच पाय जोडा, नाहीतर बैल बसेल. पाय जोडण्याच्या जागीही ओरबाडणं आणि रबडी हवीच, नुसती ओली माती चिकटवली तर वाळताना पाय अलगद सुटून हातात येतो.

मग वशिंड. बैलाचा बैलपणा वशिंडात आणि गळ्याखाली लोंबणाऱ्या पोळीत आहे. शिंगं आणि डोळे नंतर येतात. खिल्लार डोळ्यांसमोर आणा: ताठ मान, मागे झुकत वर गेलेली लांब शिंगं, अरुंद चेहरा. शिंगं लांब केली तर मोडतात, म्हणून ती आधी थोडी वाळवून, मुळाशी खुंटीसारखा भाग ठेवून डोक्यात बसवा. बंगालमधल्या बांकुऱ्याच्या पांचमुरा गावातले कुंभार हेच करतात. त्यांच्या प्रसिद्ध घोड्याचे पाय, धड आणि मान चाकावर वेगवेगळे पोकळ काढून जोडतात. पानाच्या आकाराचे कान आणि शेपूट तर वेगळेच भाजून नंतर खोचतात. तो घोडा मुळात दिवाणखान्यासाठी नव्हता. तिकडे धर्मठाकूर या ग्रामदेवतेपुढे नवस फेडायला तो वाहतात.

हौस असेल तर इनामगावसारखं पाठीवर एक काडी बसेल एवढं भोक ठेवा. वर काय उभं करायचं ते तुमच्या घरातल्या मुलांना ठरवू द्या.

अंगावरचं काम

माती चामड्यासारखी घट्ट झाली, म्हणजे नख उमटतं पण बोट रुतत नाही, की नक्षीची वेळ. झूल, गोंडे, घुंगरमाळ ही नक्षी बारीक वळ्या आणि टिकल्या चिकटवून करा. चमच्याचं टोक, बांगडी, तुटका कंगवा, धान्याचा दाणा या सगळ्यांचे ठसे सुंदर उठतात. जास्त करू नका. बैलाच्या अंगाचा मोठा गुळगुळीत भाग मोकळाच शोभतो.

रंग आगीतूनच येऊ द्या. काव, म्हणजे तांबडी माती, पाण्यात कालवून, फडक्यातून गाळून दोन हात द्या. ओलसर असतानाच गुळगुळीत गोट्याने किंवा चमच्याच्या पाठीने एकाच दिशेने घोटा. घोटल्यावर जी चमक येते ती मंद आगीत टिकते आणि कुठल्याही वॉर्निशपेक्षा देखणी असते. भाजल्यावर ऑइलपेंट फासण्याची पद्धत बाजारात बोकाळली आहे. त्याने मातीचा श्वास बंद होतो आणि पुढे पापुद्रे निघतात. कृपा करून ते करू नका.

वाळवणं

इथे घाई केली की आधीचं सगळं वाया जातं. वस्तू सावलीत, वाऱ्याच्या झोतापासून दूर, जाळीवर किंवा वर्तमानपत्राच्या घडीवर ठेवा आणि रोज उलटा. शिंगं, कान, काठ असे पातळ भाग आधी वाळतात आणि जाड भागापासून फाटून निघतात, म्हणून त्यांच्यावर पहिले दोन-तीन दिवस प्लास्टिकचा तुकडा टाका. पुण्यात दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतची हवा यासाठी सर्वांत चांगली. मुठीएवढी वस्तू आठ-दहा दिवसांत वाळते. एप्रिल-मेमध्ये गच्चीवरचा वारा काही तासांत भेगा पाडतो, तेव्हा ओलसर गोणपाट झाकून ठेवा. पावसाळ्यात तीन आठवडे लागले तरी अस्वस्थ होऊ नका. वाळलेली माती रंगाने फिकट होते, पण तेवढ्यावर ठरवू नका. गालाला लावून पाहा. गार लागली तर आत अजून पाणी आहे.

भाजणं

शहरात राहणाऱ्यासाठी सर्वांत योग्य मार्ग म्हणजे कुंभाराचा आवा, त्यांची रचून पेटवायची भट्टी. "काका, तुमच्या आव्यात माझ्या चार वस्तू बसतील का?" असं विचारायचं आणि भाड्याचे पैसे द्यायचे. माती त्यांच्याकडूनच घेतली असेल तर ते सहसा तयार होतात, कारण ती आगीत कशी वागते ते त्यांना माहीत असतं. परकी माती आतच फुटली तर त्यांचा माल जातो, म्हणून कुठली माती आहे ते खरं सांगा. आवा रचताना तिथे थांबा. खाली गोवऱ्या आणि लाकूड, वर मोठी मडकी, त्यांच्या पोटात आणि फटीत लहान वस्तू, वर पाचट, त्यावर राख आणि मातीचा थर, आणि धुराला मोजक्या वाटा. आग सावकाश पोटात शिरते. आवा दुसऱ्या दिवशी किंवा त्याहून उशिरा उघडतात.

दुसरा मार्ग विजेच्या भट्टीचा. पुण्यात सिरॅमिक शिकवणारे बरेच स्टुडिओ पैसे घेऊन वस्तू भाजून देतात. तिथे तुमची माती कमी उष्णतेची आहे हे आधीच सांगा, कारण त्यांच्या नेहमीच्या १,२०० अंशांच्या आसपासच्या भाजणीत आपली लाल माती वितळून शेजारच्या फळीला चिकटेल. सांगायचं वेळापत्रक असं: पहिले दोन-तीन तास १०० अंशांच्या खालीच राखायचं, मग ६०० पर्यंत तासाला १०० अंशांपेक्षा जास्त वेग नको, आणि पुढे ८५० ते ९०० पर्यंत. ५७३ अंशांना वाळूतल्या स्फटिकाची रचना बदलते आणि तो एकदम फुगतो, उतरताना तसाच आकसतो. म्हणून त्या टप्प्यावर चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा सावकाश. भट्टी १०० अंशांच्या खाली आल्याशिवाय उघडायची नाही.

तिसरा मार्ग स्वतःच्या आगीचा, आणि तो फक्त गावाकडे शेत असेल तर. सोसायटीच्या गच्चीवर किंवा गल्लीत हे करायचं नाही. वारा पडलेला, कोरडा दिवस निवडा. कोरड्या जमिनीवर खापरांचा थर द्या. शेजारी छोटा जाळ करून वस्तू त्याच्याभोवती ठेवा, दीड-दोन तास फिरवत हळूहळू जवळ आणा, म्हणजे राहिलेला ओलावा निघून जाईल. मग चिमट्याने खापरांवर रचा, चहूबाजूंनी आणि वर गोवऱ्यांचा घुमट करा, वर पुन्हा खापरं आणि राख. एका बाजूने खालून पेटवा आणि नंतर ढवळू नका. सुती कपडे, पाण्याच्या दोन बादल्या जवळ, मुलं लांब. पूर्ण गार व्हायला रात्र जाऊ द्या. गरम वस्तू बाहेर काढली की गार हवेने ती तडकते.

रंग कसा येईल हे हवेवर आहे. मातीत लोह असतं. आगीला भरपूर हवा मिळाली तर वस्तू लाल होते, हवा कोंडली आणि धूर आत राहिला तर काळी. एकाच मातीपासून लाल आणि काळे असे दोन्ही घोडे पांचमुऱ्याचे कुंभार भट्टीच्या वाटा उघड्या किंवा बंद ठेवून काढतात. गोवऱ्यांच्या आगीत एकाच बैलावर लाल अंग आणि काळा ढग येतो. तो डाग घासून काढू नका.

पारख आणि वापर

वस्तू तळहातावर धरून बोटाच्या सांध्याने वाजवा. खणखणीत नाद आला तर पक्की, बद्द आवाज आला तर कच्ची किंवा आत चीर. जोर्वेची चांगली भाजलेली भांडीही अशीच वाजतात. शंका असेल तर सोबत भाजलेला एखादा तुकडा रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी तो मऊ झाला असेल तर बाकीच्या वस्तूंना पुन्हा आग द्यावी लागेल, आणि ती देता येते.

पणत्या लावण्याआधी काही तास पाण्यात बुडवून मग सुकवा, म्हणजे त्या तेल कमी पितात. तरी खाली ताटली हवीच. सुगडात कोरडा जिन्नस चालतो. घरी भाजलेल्या भांड्यात दूध, दही, चिंचेचं काही ठेवू नका, कारण भोकाळ अंगात ते शिरून राहतं. चकाकी हवी म्हणून अनोळखी ग्लेझ तर मुळीच नको, त्यात शिसं असू शकतं. पाण्याचा माठ मात्र याच भोकाळपणामुळे थंड राहतो. पाझरलेलं पाणी बाहेरून उडून जातं आणि जाताना आतली उष्णता घेऊन जातं. माठाला बाहेरून रंग दिलात तर तो गार होणं बंद होईल. धुताना साबण नको, नारळाची शेंडी आणि पाणी पुरतं.

बैलाचं शिंग मोडलं तर घरातल्या बैलाला फेव्हिकॉल चालेल. पूजेत ठेवायची वस्तू मात्र मोडली की बदलायची, अशी आपल्या बहुतेक घरांत रीत आहे.

आव्यात जे फुटेल ते फेकू नका. सगळी खापरं गोणपाटात घालून हातोड्याने कुटा, नाकाला फडकं बांधून चाळा आणि डब्यात भरून ठेवा. रव्याएवढा कण पणत्या-सुगडांना चालतो, त्याहून जाडसर कण मोठ्या बैलाला लागतो. पुढच्या पाच किलो मातीत हाच चुरा एक किलो घाला. तो आधीच भाजलेला असल्यामुळे पुन्हा आकसत नाही, आणि दुसऱ्या खेपेचे बैल पहिल्यापेक्षा बरेच कमी फुटतात.